टीएस०५ आणि पायथनमधलं जिओपॅक: तीव्र सौरवादळात कितपत भरवसा ठेवावा?

सौरवादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कसं ताणलं जातं हे साध्या लॅपटॉपवर मोजायचं असेल, तर त्सिगानेंको आणि सिट्नोव यांचं २००५ सालचं टीएस०५ मॉडेल आधी घ्या. जिओपॅक ही पायथनची लायब्ररी पिपने इन्स्टॉल केली की ते मॉडेल सोबत येतं. मॉड्यूलचं नाव मात्र टी०४ आहे.

जिओपॅकच्या रीकॅल्क या फंक्शनला १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद दिले की द्विध्रुवाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा, कल मिळतो. मग आयजीआरएफ या पृथ्वीच्या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण मॉडेलचं अंतर्गत क्षेत्र आणि टी०४चं बाह्य क्षेत्र वेगवेगळं काढून बेरीज करायची. स्थान जीएसएम (सूर्याची दिशा आणि पृथ्वीचा चुंबकीय अक्ष यांवर बेतलेल्या) निर्देशकांत आणि पृथ्वीच्या त्रिज्येच्या पटीत द्या, किलोमीटरमध्ये नको. टी०४ला १० आकडे लागतात: सौरवाऱ्याचा दाब, डीएसटी (वादळाची तीव्रता दाखवणारा निर्देशांक; जितका ऋण, तितकं वादळ मोठं), बीवाय आणि बीझेड (सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे घटक; बीझेड म्हणजे उत्तर-दक्षिण घटक) आणि डब्ल्यू१ ते डब्ल्यू६.

खरी मेहनत या सहा डब्ल्यूंची. त्यांत वादळाचा आधीचा इतिहास साठवलेला असतो. ५ मिनिटांच्या नोंदींतून घनता, वेग आणि दक्षिणमुखी बीझेड यांचा गुणाकार घेतात, आणि जुन्या नोंदींचं वजन घातांकी वेगाने घटत जातं. म्हणून गणना वादळापूर्वीच्या शांत, उत्तरमुखी बीझेडच्या काळापासून सुरू करा. मधूनच सुरू केलीत तर वलयप्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती वाहणारा विद्युतप्रवाह, कमी निघतो. डीएसटी ताशी असतो, त्यामुळे वेगाने बदलणाऱ्या टप्प्यात मिनिटागणिक मिळणारा सिम-एच हा तशाच प्रकारचा निर्देशांक वापरा. त्यात आपल्या अलिबागच्या वेधशाळेच्याही नोंदी असतात.

सौरवाऱ्याच्या नोंदींचा संग्रह असलेल्या ओम्नीच्या फाइलींत दाबाची नोंद नसेल तिथे ९९.९९ लिहिलेलं असतं. ते गाळलं नाही तर मॉडेल तो खरा दाब समजतं आणि चुंबकावरण (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंतराळातला प्रदेश) भलतंच आकसतं. ऐन वादळातच सौरवाऱ्याच्या नोंदी तुटतात, म्हणून ही तपासणी टाळू नकाच.

भूस्थिर कक्षेतही, ६.६ त्रिज्यांवर, मोठ्या वादळात उपग्रह चुंबकसीमेबाहेर, म्हणजे चुंबकावरणाच्या कडेपलीकडे, पडू शकतो. टी०४ तेव्हाही निमूट आकडा देतं, चूक दाखवत नाही. ही सीमा कुठे आहे ते सांगणारं, शू यांच्या सीमारेषेचं फंक्शन याच पॅकेजमध्ये आहे. प्रत्येक बिंदूला ते आधी चालवा.

मॉडेल १९९६ ते २००० मधल्या ३७ वादळांवर बेतलेलं आहे. त्या काळात डीएसटी साधारण −३०० नॅनोटेस्लापर्यंतच उतरला होता. मे २०२४ मध्ये तो −४०० च्याही खाली गेला, तिथले आकडे म्हणजे निव्वळ बाह्यअनुमान, म्हणजे मॉडेलच्या माहितीपलीकडचा अंदाज. अशा वेळी नासाच्या सीसीएमसी या केंद्राकडून एसडब्ल्यूएमएफ या भौतिकी-आधारित मॉडेलचं रन मागवून ताडून पाहा. क्षेत्ररेषा हजारोंनी काढायच्या असतील, तर पायथन सोडून मूळ फोर्ट्रानच घ्या.