पहिलं पिस्तूल घेताना: फिक्स्ड साईट की अ‍ॅडजस्टेबल?

नागपुरात बोर्डाच्या परीक्षा आटोपल्या की नेमबाजीच्या रेंजवर नवी मुलं येऊ लागतात. महिनाभर रेंजचं, छर्रे सोडणारं एअर पिस्तूल वापरून झालं की आईबाबा जवळ येऊन विचारतात, "दादा, हिला स्वतःचं घेऊन द्यायचं आहे. साध्या साईटचं चालेल का? स्क्रूवालं फार महाग पडते." प्रश्न रास्त आहे. मध्यमवर्गीय घराला तो पैसा दिसतो.

10 मीटरवर कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, मारायचं असेल, जिल्हा-राज्य स्पर्धा खेळायची असेल, तर अ‍ॅडजस्टेबलच घ्या. आत्ता परवडत नसेल तर आणखी सहा महिने रेंजचं पिस्तूल वापरा, पण फिक्स्ड साईटचं स्वस्त पिस्तूल घेऊन ठेवू नका. परवाना काढून स्वसंरक्षणासाठी घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

साईट म्हणजे पिस्तुलावर नेम धरायची पुढची पाती आणि मागची खाच. फिक्स्डमध्ये दोन्ही जागेवर पक्क्या. कारखान्यात जसं बसवलं तसंच राहणार. अ‍ॅडजस्टेबलमध्ये मागची साईट दोन स्क्रूंनी सरकते, एक वर-खाली, एक डावी-उजवी. स्पर्धेच्या चांगल्या पिस्तुलांमध्ये खाचेची रुंदीही कमी-जास्त करता येते.

आता 10 मीटरचं कार्ड डोळ्यांसमोर आणा. मधला काळा गोल 59.5 मिमीचा, त्यात दहाची रिंग 11.5 मिमीची. काळी साईट काळ्या गोलावर धरली तर कडा दिसत नाहीत, सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून बहुतेक नेमबाज काळ्याच्या खाली, पांढऱ्यावर साईट धरतात. म्हणजे नेम केंद्राच्या साधारण 4 सेमी खाली, आणि छर्रा मात्र केंद्रात लागला पाहिजे. हा फरक साईटमध्ये बसवून घ्यावा लागतो. फिक्स्ड साईटवर तो बसवता येत नाही. मग मुलगी अंदाजाने वर धरायला शिकते, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

दुसरी गोष्ट साईटमधल्या अंतराची. स्पर्धेच्या पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये 32 सेमीच्या आसपास अंतर असतं. पुढची पाती खाचेत पाव मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 8 मिमी सरकतो, म्हणजे बरोबर एक रिंग. फिक्स्ड साईटची स्वस्त पिस्तुलं बहुधा आखूड असतात. अंतर 15 सेमी असेल तर तेवढ्याच चुकीला दोन रिंग जातात. शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच, पण पिस्तुलाने ती दुप्पट करून दाखवली की पोरगी उगाच खचते.

आपल्या गावचं ऊन हा तिसरा मुद्दा, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. स्वस्त पिस्तुलं बहुधा सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, 12 ग्रॅमच्या नळीवर चालतात. या वायूचा दाब तापमानावर ठरतो. 10 अंशांना सुमारे 45 बार, 30 अंशांना 70 च्या वर. डिसेंबरच्या सकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी एकच पिस्तूल दोन वेगांनी छर्रा सोडतं. वेग सेकंदाला 120 मीटर असेल तर 10 मीटरपर्यंत छर्रा सुमारे 34 मिमी खाली येतो, 140 असेल तर 25 मिमी. पुन्हा एक रिंग गेली! अ‍ॅडजस्टेबल असेल तर चार-पाच गोळ्या मारून क्लिक देता येतात, म्हणजे स्क्रू टप्प्याटप्प्याने फिरवून साईट सरकवता येते, फिक्स्डवर वाट्टेल ते केलं तरी हिवाळ्याचा नेम उन्हाळ्यात बसत नाही. कॉम्प्रेस्ड एअरच्या, म्हणजे दाबून भरलेल्या हवेच्या पिस्तुलात दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर असल्याने हा त्रास बराच कमी. सीओटूची नळी मात्र उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका.

एवढं सांगूनही अ‍ॅडजस्टेबल साईटचा एक दोष लपवणार नाही, कारण मी स्वतः त्यात अडकलो होतो. पहिल्या वर्षी प्रत्येक गोळीनंतर स्क्रूवर हात. डावीकडे लागली, दोन क्लिक. खाली लागली, तीन क्लिक. एका स्पर्धेत सुरुवातीच्या सरावातच मी मूळ जागा हरवून बसलो आणि पुढचे तासभर स्वतःच्या हाताऐवजी स्क्रूशी भांडत राहिलो. हात हलत होता, ट्रिगर झटक्याने दाबला जात होता, आणि मी साईट दुरुस्त करत होतो. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सांगतो, दहा गोळ्यांचा ग्रुप एका जागी गोळा होईपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. ग्रुप गोळा झाला पण केंद्रापासून लांब असला, तरच क्लिक. या बाबतीत फिक्स्ड साईट बरी, ती मोहच पडू देत नाही. पण त्यासाठी ती विकत घेणं मला पटत नाही.

क्लिक देताना लक्षात ठेवायचं ते एवढंच: छर्रा जिकडे न्यायचा, मागची साईट तिकडे. जर्मन-ऑस्ट्रियन पिस्तुलांच्या स्क्रूवर जर्मन शब्दांची आद्याक्षरं असतात, एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली, एल डावी, आर उजवी. मात्र काही ठिकाणी ती खूण 'छर्रा लागतोय कुठे' हे सांगते, काही ठिकाणी 'न्यायचाय कुठे' हे. माहितीपुस्तक वाचा, एक गोळी मारून खात्री करा, मग वहीत लिहून ठेवा.

परवान्याच्या .32 रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलासाठी मी उलटं सांगेन. तिथे अंतर चार-पाच पावलांचं, पोशाखात किंवा होल्स्टरमध्ये अडकेल असा एकही भाग नको, आणि धक्क्याने सैल होईल असा स्क्रूही नको. फिक्स्ड साईट तिथे योग्य. नेम अगदीच वर-खाली जात असेल तर पुढची पाती घासून बसवतात. पाती घासली की गोळी वर जाते, पण घासलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच करून घ्या. 4.5 मिमीच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण हत्यार म्हणून शिस्त तीच: नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर.

वापरलेलं पिस्तूल घेत असाल, आणि नागपुरात बरेच जण तसंच सुरू करतात, तर आधी पाच गोळ्या मारा. मग साईट दहा क्लिक डावीकडे न्या, पुन्हा दहा क्लिक उजवीकडे आणा आणि आणखी पाच गोळ्या मारा. दोन्ही ग्रुप एकाच जागी पडले नाहीत तर साईटची स्प्रिंग थकली आहे. किमतीतून तेवढे पैसे कमी करून मागा.