लुईस आधी की पॅकर?

थिऑलॉजी, म्हणजे देवाविषयीचा पद्धतशीर अभ्यास, हा पाळकसाहेबांचा प्रांत, आपण रविवारी संदेश ऐकायचा आणि घरी यायचं, असं मानतच मी चाळिशी गाठली. मग काही वर्षांपूर्वी दोन पुस्तकं लागोपाठ वाचली: सी. एस. लुईस यांचं ‘मीअर ख्रिश्चॅनिटी’ आणि जे. आय. पॅकर यांचं ‘नोइंग गॉड’. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, न गेलेल्याने सुरुवात कुठून करावी असं विचारलं की ही दोन नावं हमखास निघतात. ‘दोन्ही वाचा’ हे उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही. नोकरी करणाऱ्याच्या हाती रात्रीचा अर्धा तास असतो, आणि इंग्रजी पुस्तक अर्ध्या तासात फार पुढे सरकत नाही. म्हणून पहिलं कुठलं, एवढ्यापुरतंच बोलतो.

वाचायची गोडी म्हणाल तर लुईस फार पुढे. हे पुस्तक आधी कानांसाठी तयार झालं. महायुद्ध चालू असताना, 1941 ते 1944 या काळात, लुईस यांनी बीबीसीवर भाषणं दिली, आणि ती एकत्र होऊन 1952 मध्ये हे पुस्तक आलं. लुईस पाळक नव्हते. ऑक्सफर्डला साहित्य शिकवायचे, आणि आधी बरीच वर्षं नास्तिक होते. त्यामुळे साध्या माणसाचा पाय कुठे अडखळतो ते त्यांना अचूक ठाऊक आहे. त्यांच्या एका व्याख्यानात हवाई दलातला एक जुना अधिकारी उठून म्हणाला की रात्री वाळवंटात एकटा असताना मला देव जाणवला आहे, मला तुमची मतं-सूत्रं नकोत. लुईस त्याला खोडून काढत नाहीत. समुद्र डोळ्यांनी पाहणं हे नकाशा पाहण्यापेक्षा अधिक खरं, असं ते मान्य करतात. पण समुद्र ओलांडून पलीकडे जायचं असेल तर नकाशा लागतो, आणि तो असंख्य लोकांच्या अनुभवातून तयार झालेला असतो. ‘विश्वास आहे ना, मग थिऑलॉजी कशाला’ म्हणणाऱ्याला मी आजही हीच पानं वाचायला देतो.

पॅकरांचं तसं नाही. ते थिऑलॉजीचेच अभ्यासक. मुळात नियतकालिकासाठी लिहिलेले लेख, 1973 साली पुस्तक झालं. प्रकरणं बावीस. वाक्यं ठासून भरलेली, मधूनमधून जुन्या प्युरिटन (इंग्लंडमधल्या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) लेखकांचे लांब उतारे. पहिल्या खेपेला तिसऱ्या प्रकरणापाशी मी महिनाभर अडकलो होतो.

तरीही माझा कौल कुठे फिरला ते सांगतो. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी घरोघरी आळीपाळीने प्रार्थनासभा असते. दहा-बारा माणसं, सतरंजी, गीतं, मग कुणीतरी थोडं बोलायचं. माझी पाळी आली तेव्हा मी लुईस यांचं विश्वासावरचं प्रकरण घेतलं आणि मराठीत सांगत गेलो. तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, माणसाने झटायचं की सगळं देवच करतो, असा तो प्रश्न. लुईस म्हणतात की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात जोडतं, आणि ते वाक्य देतात. एका मावशींनी मांडीवरचं पवित्र शास्त्र उघडून विचारलं, “कुठंय रे हे वचन?” पानावर ना पुस्तकाचं नाव, ना अध्याय, ना वचनाचा आकडा. मी चाचपडत राहिलो. शेवटी मावशींनीच ओळखलं: “भीत व कापत आपले तारण साधून घ्या. फिलिप्पैकरांस दोन, बारा. आणि पुढचं तेरावं, करणारा तो देवच.” लगेच सगळ्यांची पानं फडफडली आणि चर्चा खरी तिथून सुरू झाली.

मग लक्षात आलं की पुस्तकभर हेच आहे. यात लुईस यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांचा श्रोता रेडिओसमोर बसलेला, अजून विश्वास न ठेवलेला माणूस होता, त्याला अध्याय-वचनं सांगून काय उपयोग? प्रस्तावनेत ते स्वतःच सांगतात की हे पुस्तक म्हणजे मधला हॉल, ज्यातून निरनिराळ्या मंडळ्यांच्या खोल्यांची दारं उघडतात. राहायचं खोलीत, हॉलमध्ये नाही. आपण बहुतेक जण खोलीतच जन्मलो. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं अर्थ कळायच्या आधी पाठ झाली. देव आहे की नाही, यावर इतकी पानं आपल्याला किती हवीत? पण वचन कुठं आहे, हा प्रश्न मात्र आपल्या घरात रोज विचारला जातो.

पॅकर इथे उपयोगी पडतात. जवळपास प्रत्येक विधानामागे संदर्भ असतो. रात्री चार पानं वाचली की वचनं काढून घरच्या प्रार्थनेत तीच वाचता येतात. पहिल्याच प्रकरणात ते सांगतात की देवाविषयी जे कळेल त्याचं त्याच्यासमोर मनन करा, त्यातून प्रार्थना आणि स्तुती निघू द्या. एकोणिसावं प्रकरण तर दत्तकपणावर आहे, आणि दत्तक जाणं म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावावं लागत नाही: नाव बदलतं, घर बदलतं, वारसा मिळतो. देवाने न्यायाधीश म्हणून निर्दोष ठरवणं हे मूळ आणि आवश्यक, पण त्याच न्यायाधीशाने पिता होऊन घरात घेणं हा त्याहून मोठा मान, असं ते मांडतात. ते वाचल्यावर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं ‘अब्बा, बापा’ मी मोठ्याने वाचलं आणि पुढे वाचवेना.

सगळंच पटतं असं नाही. चौथ्या प्रकरणात दहा आज्ञांमधल्या दुसऱ्या, मूर्ती करू नको या आज्ञेचा आधार घेऊन ते ख्रिस्ताच्या चित्रांनाही उपासनेत नको म्हणतात. आमच्या बैठकीत आजीच्या वेळेपासून येशूची तसबीर आहे आणि तिच्याखाली बसूनच आम्ही प्रार्थना करतो. मी ती काढली नाही. पण प्रार्थना करताना आपण मनात कुणाचा चेहरा धरतो, हा प्रश्न त्यांनी मला दिला आणि तो अजून सुटलेला नाही.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. कॉलेजातला मुलगा देवच नाही म्हणत असेल, किंवा ऑफिसातला मित्र तुमच्या विश्वासाबद्दल मनापासून विचारत असेल, तर लुईसच आधी घ्या. तिथे पॅकर लवकर हाती लागणार नाहीत. नाहीतर मी पॅकर सुचवीन, मात्र पहिल्या पानापासून नको. आधी एकोणिसावं, मग अठरावं, मग मागे पहिल्यावर या. आठवड्याला एक प्रकरण पुरे, आणि शेजारी पवित्र शास्त्र व पेन्सिल ठेवा. माझ्या प्रतीत समासातले मराठी संदर्भ आता इतके झालेत की मावशींनी ती मागून नेली आहे, इंग्रजी येत नसतानाही.