चव नोंदवहीत न मावलेलं

शाळेत पोषण आहाराची एक चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी आणि जमलं तर एखाद्या पालकाने घास खाऊन बघायचा, मग वहीत तारीख, पदार्थ, चव, सही. चवीचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात आजवर सगळ्यांनी 'चांगली' एवढंच लिहिलंय, खिचडी बुडाला लागली होती त्या दिवशीसुद्धा. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, धाकटी तिसरीत आहे आणि जून 2025 पासून दर गुरुवारी चाखायची पाळी माझ्याकडे आली. रकान्यात मावलं नाही ते इथे लिहिते.

एक आधीच सांगून टाकते. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मीही शाळेला विकते, तेव्हा माझं कौतुक थोडं कापूनच घ्या.

शाळा सातारा जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, पट 46. स्वयंपाकाच्या मावशी दहाच्या आधीच आलेल्या असतात. पहिल्या गुरुवारी मी गेले तेव्हा कुंपणाचा शेवगा छाटलेला होता आणि त्या पाला ओरबाडत बसल्या होत्या. काडीचं टोक एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताची दोन बोटं उलटी ओढत आणायची, सगळा पाला ओंजळीत. मी करायला गेले तर माझ्या ओंजळीत निम्म्या काड्याच. पाला डाळीत कधी घालायचा याचंही त्यांचं ठरलेलं आहे. वरण उकळून गॅस बंद करायच्या बेतात असलं की घालायचा आणि वर झाकण. "आधी घातला तर काळा पडतो, मग पोरं म्हणतात कचरा पडलाय." वरून लसणाची फोडणी. हे वरण मी घरी तीनदा करून बघितलं, तसं होत नाही. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, मोठ्या पातेल्याची चव छोट्या पातेल्याला येत नाही. असेल.

तांदूळ सरकारी. याच्यावरून आमच्या गावात एकदा चांगलंच रण माजलं होतं. धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगाने जरा पिवळट, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी आवई उठली आणि बायांनी ते दाणे वेचून फेकायला सुरुवात केली. फेकणाऱ्यांत मीही होते. ते पोषक दाणे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी 12 मिसळून दाण्याच्या आकाराचे बनवतात आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात तांदळात घालतात. म्हणजे जे मुलांच्या पोटात जायला हवं नेमकं तेच आम्ही कोंबड्यांना घालत होतो. आता मावशी तांदूळ निवडतात ते खड्यापुरतं, आणि चोळून चोळून धूत नाहीत.

मी या शाळेत होते तेव्हा शिजवलेलं काही मिळायचं नाही. 1995 ला योजना सुरू झाली तेव्हा हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी द्यायचे, आणि तो घरच्या सगळ्यांत वाटून खाल्ला जायचा. शाळेतच गरम जेवण द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2001 चा. त्यामुळे माझ्या मुलीच्या ताटात पाला घातलेलं वरण बघून मला जरा हेवाच वाटतो.

आता परसबाग. पाहुणे आले की शाळा आधी तीच दाखवते आणि खरंच देखणी आहे. मांडवावर दोडका आणि घोसाळं, खाली लाल माठ, पालक, एका कडेला वाल, हात धुण्याच्या नळाच्या पाण्यावर अळू नुसतं माजलंय. पण मापात बोलायचं तर पहिली ते पाचवीच्या एका मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी असा नियम आहे. 46 मुलांची झाली 2 किलो 300 ग्रॅम, सहा दिवसांची जवळपास 14 किलो. बाग ऐन थंडीत, सगळ्यात भरात असताना मी आठवडाभर काट्यावर तोलून बघितलं, पाच किलोच्या आत भरलं. दिवाळीच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी नाही, मे महिन्याचं तर बोलायलाच नको. तेव्हा बागेच्या फोटोवरून 'शाळा भाजीत स्वयंपूर्ण' वगैरे कुणी लिहिलं तर हसून सोडून द्या. उरलेली नऊ-दहा किलो बाजारातून किंवा आमच्यासारख्यांच्या शेतातून येते.

मुलांनी पिकवलं की मुलं आवडीने खातात, असंही सगळे म्हणतात. आमच्याकडे दुधीच्या बाबतीत उलटं झालं. मांडवाला एक दुधी एवढा फुगला की पोरांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं, रोज दोरीने माप घ्यायला लागली. कापायची वेळ आली तर चौथीच्या पोरी आडव्या. गुरुजींनीही हट्ट केला नाही. पैलवान शेवटी जून होऊन वाळला, त्याचं बी पुढच्या वर्षाला ठेवलंय. आणि जे बिननावाचे दुधी खिचडीत गेले, त्यांच्या फोडी ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवलेल्या! पुढच्या खेपेला मावशींनी किसून घातला, तेव्हा कुणाला पत्ता लागला नाही. पालकाचं मात्र खरं आहे, स्वतः खुडून आणलेला पालक दुसरीची पोरंही मागून घेतात.

एका गुरुवारी भाद्रपदात अळूचं फतफतं होतं. मी घास घेतला आणि दोन मिनिटांत घसा खवखवायला लागला, गुरुजींचाही. चिंच कमी पडली होती. वाढप थांबवलं, माझ्या घरून चिंचेचा कोळ आणला, परत चांगलं उकळलं, पोरं अर्धा तास उशिरा जेवली, पण कुणाला काही झालं नाही. तोपर्यंत ही चव नोंदवही मला नुसता कागदी कारभार वाटायची. त्या दिवशी रकान्यात 'खाज, पुन्हा उकळले' असं बारीक अक्षरात कोंबून लिहिलं.

दप्तराला सुट्टी असलेल्या शनिवारी मावशी पाचवीच्या पोरांना आगीशिवायचं काहीतरी करायला लावतात. काकडीची कोशिंबीर, भेळ, मोड आलेल्या मटकीत कांदा-लिंबू. विळी देत नाहीत, किसणी देतात. माझी मुलगी तिसरीतली, पण घुसली मध्ये आणि किसणीवरच बोट खरचटून घेतलं. घरी येऊन मात्र आजीला सांगत होती, काकडीला मीठ आधी लावायचं नाही, पाणी सुटतं, अगदी वाढताना लावायचं. सासूबाई म्हणाल्या, "आता ही मला कोशिंबीर शिकवणार." पण मिठाचा डबा ठेवला खाली.

अंड्याचं तेवढं मनाला लागलेलं आहे. नोव्हेंबर 2023 च्या निर्णयाने आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवले, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. गावात घरटी दोन-चार कोंबड्या आहेत, तरी 46 अंडी दर आठवड्याला वर्गणीत जमत नाहीत. आम्ही महिन्यातून एकदा जमवतो.

पैशांबद्दल तर लिहायलाच हवं. तांदूळ सोडून बाकीच्या शिजवण्याच्या खर्चाला 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहेत. 46 मुलांचे झाले 312 रुपयांच्या आत, आणि त्यातच डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस. डाळ-मसाला पुरवठादाराकडून येतो, भाजी शाळेने घ्यायची, आणि भाजीचे पैसे वरून यायचे तेव्हा येतात. तोवर गुरुजी खिशातून भरतात किंवा माझ्यासारखीच्या वहीत उधारी चढते. आत्ता माझ्या वहीत दोन महिन्यांच्या जुड्या आहेत. मी थांबेन, माझी मुलगी तिथे जेवते. पण शेजारच्या मळ्यातला वांगी-टोमॅटोवाला का थांबेल? त्याला मार्केटला रोख मिळते. शेतातलं शाळेत आणा म्हणणाऱ्यांनी जुडीचे पैसे आठवड्यात हातात पडतील एवढं केलं तरी आमच्या गावात चार शेतकरी उद्या तयार आहेत. तारे द्यायचेच तर जेवणाला चार, व्यवहाराला दीड.

आणि मावशींना महिन्याला 2500 रुपये. मी कुणाच्या शेतात खुरपायला गेले तर दहा-बारा दिवसांत तेवढे सुटतात. त्या रोज येतात.

मावशी वहीत मी काय लिहिलं ते कधी बघत नाहीत. त्या उष्ट्याची बादली बघतात. शेवग्याच्या वरणाला तळ झाकेल एवढंच, किसलेल्या दुधीला थोडं जास्त, फोडींच्या दुधीला अर्धी बादली. त्यावरून पुढच्या आठवड्याचं ठरवतात. बादली शेजारच्या शेळ्यांना जाते, त्यामुळे दुधीच्या दिवशी तिकडे आनंद.

येत्या गुरुवारी मुळ्याचा पाला आहे, आमच्याच रानातला. मावशींनी निरोप दिलाय, येताना मोठी बादली घेऊन या.