इन्सास रायफल: नेम पक्का, मॅगझिन कच्चं
पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने आराखडा केलेली भारतीय लष्कराची ही ५.५६ मिमी रायफल म्हणजे खिचडीच: फिरता बोल्ट (गोळी नळीत बंद करणारा भाग) रशियन कलाश्निकोव्ह रायफलीच्या घराण्यातला, गॅस रेग्युलेटर (रायफल चालवणारा वायू कमीजास्त करणारा भाग) बेल्जियन एफएएल रायफलीच्या वळणाचा. ४०० मीटरपर्यंत नेम चोख; एकेक गोळी नाहीतर चाप एकदा दाबला की तीन गोळ्यांचा बर्स्ट. खरं दुखणं मॅगझिनचं. २० गोळ्यांचं, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. किती गोळ्या उरल्या ते बाहेरूनच दिसतं, सोय छानच. पण १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तेच तडकलं. मॅगझिनला तडा गेला की गोळी नीट वर सरकत नाही आणि रायफल अडकते. वजन रिकाम्यानेच चार किलोंच्या वर, चढावर ते खांद्याला कळतंच. आता तिची जागा घेणारी, अमेठीतल्या कोरव्यात बनणारी एके-२०३ रायफल मात्र ७.६२ मिमीची, मॅगझिन ३० गोळ्यांचं.