मासेमारीसाठी कॅसिओ प्रो ट्रेकचा बॅरोमीटर: कुठे कामाचा, कुठे फसवा

कॅसिओच्या प्रो ट्रेक मालिकेतली ट्रिपल सेन्सर घड्याळं मुळात डोंगर चढणाऱ्यांसाठी बनलेली. दिशा, हवेचा दाब (त्यावरूनच उंची) आणि तापमान असे तीन सेन्सर त्यात असतात. गळाने मासे धरणारे मात्र ती घेतात दाबासाठी, म्हणून हे परीक्षण त्या एकाच कामापुरतं. मत आधीच सांगतो: दाब चढतोय की उतरतोय हे कळायला घड्याळ झकास आहे. पण नुसता आकडा बघून आज मासा लागणार की नाही हे ठरवणार असाल, तर ते घेऊ नका.

दाब मोजायचा पल्ला २६० ते ११०० हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक; म्हणजे तेवढेच मिलिबार), एकेका हेक्टोपास्कलच्या टप्प्याने. अचूकता साधारण ३ हेक्टोपास्कल कमी-जास्त. पडद्यावर १०१० असेल तेव्हा खरा दाब १००७ असू शकतो किंवा १०१३. मासेमारीत याने काही अडत नाही. चूक असली तरी ती बरीचशी एकसारखी राहते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा फरक भरवशाचा निघतो.

घोळ होतो तो उंचीमुळे. हवामान खातं सांगतं तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. घड्याळ दाखवतं तो तुम्ही उभे आहात तिथला. ६०० मीटर उंचीवरच्या तलावाकाठी ते साधारण ९४३ दाखवेल आणि ते बरोबरच असेल. दर ८-९ मीटर चढलं की १ हेक्टोपास्कल कमी होतो. घर उंचावर आणि तलाव १०० मीटर खाली असेल, तर पोचेपर्यंत दाब ११-१२ने 'वाढलेला' दिसतो आणि हवेत काहीच बदललेलं नसतं. म्हणून पाण्यावर पोचल्यावर पहिलं वाचन घ्या, वेळेसकट टिपून ठेवा आणि पुढची तुलना त्या आकड्याशीच करा. कॅलिब्रेशनच्या भानगडीत पडू नये हे उत्तम. हवामान खात्याचा आकडा घड्याळात भरलात तर तो त्या एका उंचीपुरता जुळतो, जागा बदलली की पुन्हा चुकतो. कुणी आधीच भरून ठेवला असेल तर सेटिंगमधून तो रद्द करता येतो.

आता मुख्य गोष्ट. घड्याळ दर दोन तासांनी आपणहून वाचन घेतं आणि त्याचा ठिपक्यांचा आलेख पडद्यावर दाखवतं. हा आलेख वाचताना निम्मे लोक चुकतात, कारण हवेच्या दाबालाही रोजची भरती-ओहोटी असते. साधारण सकाळी १०ला आणि रात्री १०ला दाब सर्वांत जास्त, पहाटे ४ला आणि दुपारी ४ला सर्वांत कमी. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात हा चढउतार ३ हेक्टोपास्कलच्या घरात असतो. ध्रुवांकडे जावं तसा तो नगण्य होतो. उष्ण प्रदेशात सकाळी १०ला १०१२ आणि दुपारी ४ला १००९ दिसलं की कुणीतरी 'दाब पडतोय, मासा खाणार' म्हणून रॉड उचलतो. तो तर स्वच्छ, शांत दिवसाचा नेहमीचा उतार आहे. खरी खूण उलट बाजूने मिळते: दुपारी ४नंतर दाब चढायला हवा, तो चढलाच नाही किंवा आणखी उतरला, तर हवामान नक्की बदलतंय.

यावर साधा उपाय म्हणजे आजचा आकडा काल याच वेळच्या आकड्याशी ताडून पाहणं. इथेच घड्याळाची मोठी उणीव आहे. बऱ्याच मॉडेलांत आलेख सुमारे २० तासच मागे जातो, म्हणजे कालची हीच वेळ पडद्यावरून नेमकी निघून गेलेली असते. चार तास जास्त ठेवले असते तर मासेमारांचं भलं झालं असतं. तोवर वही ठेवा: सकाळी १० आणि दुपारी ४, रोज दोन नोंदी, त्याही शक्यतो एकाच जागी.

दाब अचानक बदलला की बाण दाखवून बीप करणारी सोयही आहे. एकदम घसरण, एकदम चढ, बराच वेळ चढून आता उतरणं आणि बराच वेळ उतरून आता चढणं, असे चार प्रकार ती ओळखते. मात्र ती चालू असताना दर दोन मिनिटांनी वाचन होतं, बॅटरी जास्त खर्च होते आणि २४ तासांनी ती आपोआप बंद पडते. शिवाय उंची बदलत असेल तर खोटे बाण येतात. घाटातून गाडी चालवताना बंद, काठावर बसल्यावर चालू, असा नियम ठेवा.

आता माशांकडे. माशाला वाताशयातून (पोटातल्या हवेच्या पिशवीतून) दाबातला बदल जाणवतो, म्हणून तो खायचं थांबवतो, असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब करून पाहा: १ हेक्टोपास्कल म्हणजे जेमतेम १ सेंटिमीटर पाणी. हवेचा दाब १०ने पडला तरी माशाच्या अंगावर फरक १० सेंटिमीटर पाण्याइतकाच. तोच मासा एक मीटर वरखाली झाला की त्याच्या दहापट फरक सहज पेलतो. मुशीला, म्हणजे शार्कला, तर वाताशयच नसतं. आमच्या मते बॅरोमीटर उपयोगी पडतो तो दाबासोबत येणाऱ्या गोष्टींमुळे. दाब उतरताना वारा उठतो, ढग येतात, पाण्यावर लाटा येऊन उजेड कमी होतो, काठाजवळचं पाणी ढवळतं, आणि शिकारी मासा उथळ पाण्यात धीट होतो. अशा वेळी लुअर (नकली आमिष) वरच्या थरात आणि जरा वेगाने ओढावा. वादळी हवा निघून गेल्यावर दाब चढून स्थिरावतो, आभाळ निवळतं, वारा पडतो. तेव्हा मासा खोल किंवा आडोशाला जातो. बारीक दोरी, लहान आमिष, तळाशी आणि सावकाश, हे तेव्हाचं तंत्र. समुद्रकाठी मात्र उधाण-भांगाचा (मोठ्या-लहान भरतीचा) हिशोब आधी, दाब नंतर.

निगा फार नाही, पण एक जागा जपावी. घड्याळाच्या कडेला सेन्सरचं छिद्र असतं. त्यात खारं पाणी वाळून मीठ बसलं किंवा चिखल अडकला की वाचन अडखळतं. गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पण टाचणी अजिबात घालू नका, आतला पडदा फाटेल. छिद्रावर पाण्याचा थेंब असताना घेतलेलं वाचन धरू नका. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा थेट अंगावर येत असेल तर त्याच्या झोताने अर्ध्या हेक्टोपास्कलपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून पाठ वाऱ्याकडे करून मनगट आडोशाला घ्या. तापमान हवं असेल तर घड्याळ काढून २०-३० मिनिटं सावलीत ठेवा. मनगटावर ते अंगाच्या उबेमुळे चढंच दाखवतं.

बऱ्याच फोनमध्ये आता दाबाचा सेन्सर असतो आणि बारीक फरक तो घड्याळापेक्षा चांगला दाखवतो. पण फोनचं ॲप मागे चालू राहील याचा भरवसा नाही आणि ओल्या हाताने तो काढणं नकोसं होतं. 'उत्तम मासेमारी', 'वाईट मासेमारी' असं तबकडीवर छापलेले काट्याचे बॅरोमीटर घेऊ नयेत. एका आकड्यावरून तसं सांगताच येत नाही.

होडीने जाणाऱ्यांना मात्र हे घड्याळ जरूर घ्या असं सांगू. १८५९च्या भीषण वादळाच्या सुमारास ब्रिटिश नौदल अधिकारी आणि हवामानतज्ज्ञ रॉबर्ट फिट्झरॉय यांनी ब्रिटनच्या मासेमार बंदरांत बॅरोमीटर बसवले, ते मासे जास्त मिळावेत म्हणून नव्हे, माणसं परत यावीत म्हणून. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर रोजचा चढउतार वजा करून दाब नेहमीपेक्षा ३ने कमी दिसला तर सावध व्हा; ५ने कमी असेल तर चक्रीवादळ जवळपास आहे असं धरूनच किनारा गाठा. विजांच्या वळवाच्या ढगांची सूचना मात्र हे घड्याळ वेळेवर देत नाही. गडगडाट ऐकू आला की आलेख न बघता आधी वीज वाहून नेणारा कार्बनचा रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब व्हा.