गुलामगिरीविरोधी चळवळीचा फलकसंच : घ्या, पण तिसरा फलक दुरुस्त करून लावा

बडोद्यात दांडिया बाजारात हा अमेरिकेतल्या चळवळीवरचा बारा फलकांचा मराठी संच मिळतो. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चांगला आहे. फलक दोन बाय तीन फुटांचे, सनबोर्डवर चिकटवलेले; अक्षर ठसठशीत. लॅमिनेशन मात्र चकचकीत, त्यामुळे खिडकीसमोर लावले तर नुसता उजेडच दिसतो. खिडकीच्याच भिंतीला लावा. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर टेप सुटते. वरच्या कोपऱ्यांना भोकं पाडून सुतळीनं टांगा.

संचाचा जीव सहाव्या फलकात आहे. एकीकडे चळवळीतले गोरे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन, दुसरीकडे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस, मध्ये अमेरिकेची राज्यघटना. गुलाम तत्काळ मुक्त व्हावेत यावर दोघांचं एकमत. पण गॅरिसनच्या लेखी घटना म्हणजे गुलाममालकांशी केलेला सौदा. ४ जुलै १८५४ ला फ्रेमिंगहॅमच्या सभेत त्यांनी तिची प्रत जाळली. स्वतः गुलामीतून पळून आलेले डग्लस आधी त्यांच्याच मताचे होते. १८५१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हीच घटना गुलामगिरीविरुद्ध वापरता येते, मतपेटीतूनही लढता येतं. या एका फलकावर पूर्ण तास द्यावा. मुलांना दोन्ही बाजू मांडायला लावा, नाहीतर नेते नुसते तसबिरीतले संत होऊन बसतात.

तिसऱ्या फलकावर घोडचूक आहे. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवू पाहणाऱ्या १८१६ च्या कॉलनायझेशन सोसायटीला तिथे 'चळवळीची सुरुवात' म्हटलंय. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांनी १८१७ मध्येच सभा भरवून त्या बेताला विरोध केला होता. १८२९ मध्ये बॉस्टनच्या डेव्हिड वॉकर या कृष्णवर्णीय लेखकानं आपल्या पत्रकात हा देश आमच्या रक्ताघामावर उभा आहे, आम्ही का जावं, असं ठणकावलं. 'चळवळीची सुरुवात' या ओळीवर वॉकरच्या या शब्दांची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय हा फलक लावू नका.

ग्रिम्के भगिनी कुठेच नाहीत. दक्षिणेतल्या चार्ल्सटनच्या गुलाममालक घरातल्या या दोघी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायच्या, म्हणून त्यांची साक्ष जड. बायकांनी समितीवर बसावं का, यावरून १८४० मध्ये अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी ही चळवळीची मुख्य संघटना फुटली, तेही एका ओळीत उरकलंय.

बाराव्या फलकावर जोतीराव फुले आहेत : १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या याच कार्यकर्त्यांना अर्पण केली. तो शेवटी न ठेवता दारापाशी पहिला लावा.