लिब्रेऑफिस कॅल्कमधलं सॉर्टिंग: टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून

आधी निकाल सांगून टाकतो. फुकट मिळणारा प्रोग्रॅम म्हणून नव्हे, एरवीही कॅल्कचं सॉर्टिंग, म्हणजे यादी हव्या त्या क्रमानं लावणं, दमदार आहे. पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून जो इथे येतो, त्यानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. तिथे कॉलमच्या नावावर क्लिक केलं की यादी वेगळ्या क्रमानं दिसते. कॅल्कमध्ये ओळी खरोखर हलतात. माझे आत्तापर्यंतचे बहुतेक चांगले-वाईट अनुभव फिरून याच एका मुद्द्यापाशी येतात.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि मी ऑफिस बघतो. दिवाळीनंतर नवा पीसी आला. मालक म्हणाले, लायसनचे पैसे वाचत असतील तर बघ. म्हणून लिब्रेऑफिस टाकलं. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेला हा प्रकल्प, आणि कॅल्क हा त्यातला एक्सेलच्या जागी वापरायचा भाग. आता पावसाळा लागलाय. पार्ट्यांची, म्हणजे व्यापारी गिऱ्हाइकांची, येणी, लूमवार (मागागणिक) उत्पादन आणि सुताचा स्टॉक अशा तीन फायली रोज उघडतात आणि दिवसातून कितीदा सॉर्ट होतात याला गणती नाही.

हलतात म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो. फाइल एक्सप्लोररमध्ये किंवा बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये तारखेच्या कॉलमवर क्लिक करा, छोटा त्रिकोण उमटतो, यादी फिरते. पुन्हा क्लिक करा, उलटी होते. मूळ नोंदींना धक्का लागत नाही. म्हणजे खतावणी कपाटात तशीच राहते, टेबलावरची यादी तेवढी बदलते. कॅल्कमध्ये कपाटातल्या खतावणीचीच पानं उसवून नव्या क्रमानं शिवली जातात. सेव्ह करून फाइल बंद केलीत की दुसऱ्या दिवशी कंट्रोल-झेड दाबून काही उपयोग नाही, नोंदी ज्या क्रमानं केल्या होत्या तो क्रम गेला.

उपाय जुनाच आहे: पहिला कॉलम अनुक्रमांकाचा ठेवायचा. फक्त तो आकडा स्वतः टाकलेला किंवा ओढून भरलेला असावा. सूत्रानं काढलेला, म्हणजे वरच्या ओळीत एक मिळवून आलेला असेल, तर सॉर्टनंतर तो पुन्हा एक-दोन-तीन करत बसतो आणि परतीची वाट राहत नाही. येण्यांच्या फाइलमध्ये हा कॉलम नसता तर मार्चअखेरीला सीएंच्या ऑफिसात मान खाली घालून बसावं लागलं असतं.

दुसरं, काय सॉर्ट झालंय हे पडद्यावर कळत नाही. टूलबारवरच्या बटणानं सॉर्ट केलं की कॉलमच्या नावापाशी बाण नाही, त्रिकोण नाही, काही नाही. दुपारी जेवून आलं की यादी गावानुसार आहे की बाकीनुसार, हे आकडे वाचूनच ओळखायचं. मला ही उणीव खरंच टोचते.

आता बटण दाबतानाचा धोका. पार्टीच्या नावांचा अख्खा कॉलम निवडून बटण दाबलं की कॅल्क विचारतं, शेजारच्या सेलमध्येही मजकूर आहे, तो धरू का? ‘एक्स्टेंड सिलेक्शन’ दाबलं तर ओळी अखंड राहतात. ‘करंट सिलेक्शन’ दाबलं तर नावं तेवढी हलतात, आकडे जागेवरच. हैदराबादच्या पार्टीची बाकी लातूरच्या पार्टीच्या माथी. आणि दिसायला यादी अगदी व्यवस्थित दिसते, हे जास्त वाईट. ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलांना मी एकच सांगतो: काही निवडू नका. हव्या त्या कॉलममधल्या एका सेलवर कर्सर ठेवा आणि बटण दाबा. सलग भरलेला सगळा तक्ता ते आपोआप धरतं.

‘सलग’ हा शब्द इथे महत्त्वाचा. मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी असेल तर तक्ता तिथेच संपला असं कॅल्क समजतं आणि खालच्या पार्ट्या सॉर्टमधून सुटतात. याच गोष्टीचा उलटा फायदाही घेता येतो. ‘एकूण’ची ओळ तक्त्याला चिकटून असेल तर तीही सॉर्टमध्ये ओढली जाते आणि रकमेनुसार उतरत्या क्रमात थेट सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसते. त्यामुळे एकूणच्या आधी एक ओळ मोकळी सोडायची. मथळ्याचंही बघून घ्यावं. काही कॉलम आकड्यांचे असतील तर पहिली ओळ मथळ्याची आहे हे ते ओळखतं, पण नाव, गाव, ट्रान्सपोर्ट असे सगळेच कॉलम अक्षरांचे असतील तर ओळख चुकू शकते. अशा वेळी डेटा मेनूतून सॉर्टचा डायलॉग उघडावा आणि कॉलमना नावं आहेत ही खूण स्वतः करावी.

डायलॉग मात्र छान आहे. आधी गाव, त्यात पार्टी, त्यात बाकी मोठी ते लहान, असा क्रम एकाखाली एक लावत जायचं. शेवटची जागा भरली की पुढची आपोआप येते. वसुलीला निघायच्या आदल्या दिवशी अशी यादी छापली की चाटी गल्लीतल्या पार्ट्या एका जागी, हैदराबादच्या एका जागी. बिलिंगच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकाच कॉलमवर सॉर्ट व्हायचं. फक्त यासाठीसुद्धा मी कॅल्क ठेवलं असतं.

उत्पादनाच्या तक्त्यात एक गंमत झाली. आमच्याकडे तीन पाळ्या. पाळीनुसार चढत्या क्रमात सॉर्ट केलं तर आली तिसरी, मग दुसरी, मग पहिली. मागांवर देखरेख करणारा जॉबर मागे उभा होता, म्हणाला, “काय बे, तिसरी पाळी पहिली कुठनं आली?” कॅल्कचं काही चुकलं नव्हतं. त, द, प हाच वर्णमालेचा क्रम. वारांचंही तसंच, वर्णानुसार आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. यासाठी टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, कॅल्कखाली, ‘सॉर्ट लिस्ट्स’ आहेत. तिथे पहिली, दुसरी, तिसरी अशी स्वतःची यादी एकदा लिहून ठेवायची आणि सॉर्ट करताना डायलॉगच्या पर्यायांत ती निवडायची. निवडायला विसरलात तर पुन्हा तिसरी पाळी वर.

लूमचे नंबर आम्ही ‘लूम १’, ‘लूम २’ असे लिहितो. ते अक्षरांत मोडतात, म्हणून साध्या सॉर्टमध्ये १ नंतर १०, ११ येतात आणि २ कुठेतरी खाली. डायलॉगमध्ये ‘नॅचरल सॉर्ट’ची खूण केली की आकडा आकड्यासारखा धरला जातो आणि २ हा १० च्या आधी येतो. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलनावं आपोआप अशी लागतात, इथे मागून घ्यावं लागतं. टॉवेलच्या ३० बाय ६० सारख्या साइजनाही हेच लागू.

सुताच्या स्टॉकनं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. सुताचा काउंट, म्हणजे जाडीचा नंबर, आपण २/१०, २/१७, २/२० असा लिहितो. २/१० टाइप करून एंटर मारलं की कॅल्क त्याची तारीख करतं. भारतीय सेटिंग असेल तर २ ऑक्टोबर, अमेरिकन असेल तर १० फेब्रुवारी. तारीख म्हणजे कॅल्कच्या लेखी आतून एक आकडा, आणि चढत्या क्रमात आकडे आधी, अक्षरं नंतर, रिकामे सेल शेवटी असा नियम. त्यामुळे काउंटच्या कॉलममध्ये काही नोंदी तारीख झाल्या आणि काही अक्षरं राहिल्या की एकाच सुताच्या गोण्या यादीत दोन टोकांना. कॉलम भरायच्या आधीच त्याचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून ठेवणं हाच इलाज. नंतर फॉरमॅट बदलून झालेली तारीख पुन्हा काउंट होत नाही, हातानं परत टाकावी लागते.

खऱ्या तारखांची रडकथा याच जातीची. ट्रान्सपोर्टवाल्यांकडून आलेली बिल्ट्यांची (माल पाठवल्याच्या पावत्यांची) यादी पेस्ट केली आणि सेटिंग अमेरिकन राहिलं असेल, तर १३/०५ ला तेरावा महिना नसल्यामुळे ती अक्षरं म्हणून पडून राहते, आणि ०५/०६ मुकाट ६ मे होते. सॉर्ट केल्यावर यादी अर्ध्यापर्यंत ठीक वाटते, मग अचानक तारखा नव्यानं सुरू होतात. असं दिसलं की ओळखायचं, दोन जातींचा माल मिसळलाय. लोकेल, म्हणजे देश-भाषेचं हे सेटिंग, इंग्लिश (इंडिया) करून घ्या. अक्षरं म्हणून राहिलेल्या तारखा डेटा मेनूतल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष असा प्रकार देऊन सरळ करता येतात. दिवस-महिना उलटा होऊन बसलेल्या मात्र सरळ होत नाहीत, त्यासाठी मूळ यादीच पुन्हा पेस्ट करावी लागते.

हे तपासायला एक सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते: कंट्रोल-एफ८. दाबलं की आकडे निळे, अक्षरं काळी, सूत्रं हिरवी दिसतात. तारीखही निळी. सॉर्टच्या आधी एकदा दाबायचं, रकमेच्या निळ्या कॉलममध्ये एखादा काळा सेल दिसला तर तो आधी दुरुस्त करायचा. आता मी ही फाइल या रंगांशिवाय उघडतच नाही.

मराठीत सॉर्ट होतं का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. होतं, आणि चांगलं होतं, पण डायलॉगच्या पर्यायांत भाषा मराठी निवडली तर. नाहीतर क्षीरसागर ‘क’मध्ये जातात, ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये, आणि काळे हे काशीदांच्या आधी येतात. मराठी निवडलं की ळ ‘ह’च्या पुढे जातो, क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी, शाळेत शिकलो तसं. आमचे जुने हिशेबनीस काका अजून आठवड्यातून एकदा येतात. पार्ट्यांची यादी ते डोळ्यांनी नाही, बोटानं वाचतात. ज्ञ शेवटी सापडला तेव्हाच त्यांनी संगणकाची यादी मान्य केली. नावाआधी ‘मे.’ लिहायची सवय मात्र सोडावी लागली, नाहीतर अर्धी बाजारपेठ ‘म’मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेल्या नावाच्या आधी रिकामी जागा चिकटून आली तर ते नाव ‘अ’च्याही वर जातं. ट्रिम हे फंक्शन ती जागा काढून टाकतं.

जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण मराठी अक्षरांत, नसतील तर मात्र आशा सोडा. आमच्याकडे पार्ट्यांची एक यादी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. दिसायला मराठी, आत सगळी इंग्रजी अक्षरं. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, तिची कळ इंग्रजी ‘एफ’. त्यामुळे किरण, विजय, शिवाजी, सिद्धेश्वर ही सगळी मंडळी एकाच ठिकाणी गोळा झाली. भाषा मराठी निवडून यात काही फरक पडत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग सॉर्टचं बघा.

सूत्रांचं थोडं जपून. मालकांसाठी मी वेगळ्या शीटवर मोठ्या पार्ट्यांच्या बाकीचा गोषवारा ठेवलाय. त्यातलं सूत्र डी ५ या सेलकडे बोट दाखवत असेल, तर सॉर्टनंतर डी ५ मध्ये जी कुणी पार्टी आली असेल तिची रक्कम तिथे दिसते. कॅल्क हे तसंच चालू देतं. ऑप्शन्समध्ये सॉर्टबरोबर संदर्भही बदलायचा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. तो चालू करण्यापेक्षा मी व्हीलुकअपनं नाव शोधून रक्कम आणतो, आणि त्यात चौथ्या जागी शून्य देतो. ते दिलं नाही तर व्हीलुकअप यादी चढत्या क्रमात आहे असं गृहीत धरतं, आणि बाकीनुसार लावलेल्या यादीतून भलत्याच पार्टीची रक्कम बिनदिक्कत उचलून आणतं. वरच्या ओळीतून शिल्लक पुढे ओढणारा कॉलम असेल तर तो तक्ता सॉर्टच करू नये.

वेगाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, आमच्या काही हजारांत आहेत, बटण दाबेपर्यंत काम झालेलं असतं.

बिलिंगचा प्रोग्रॅम आम्ही बंद केलेला नाही. बिलं, जीएसटी तिथेच. तिथून यादी बाहेर काढायची, कॅल्कमध्ये हवी तशी लावायची, छापायची आणि ती फाइल टाकून द्यायची, ही पद्धत आता बसली आहे. कायम ठेवायच्या फायली फक्त लूम आणि सुताच्या, आणि दोन्हींत अनुक्रमांकाचा कॉलम ठेवलाय. नव्या आवृत्तीत कॉलमच्या नावापाशी सॉर्टचा बाण दिला तर तेवढ्यासाठी मी त्याच दिवशी अपडेट करीन.